जमीन विकण्याआधी शुल्काची पावती नीट वाचा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले हे पत्र पंचवीस वर्षांच्या तरुणाचे आहे. घरी साडेतीन एकर वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन. वडील शेती सांभाळून गवंडीकामाला जातात, आई बचत गटात आहे. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन हातचे गेले आणि पीककर्ज कसेबसे नवे-जुने करून (जुने फेडून नवे उचलून) घेतले. पत्रलेखकाने बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी काम धरले आणि तिथेच चौघांबरोबर एका खोलीत तो राहतो. धाकट्या बहिणीला केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गात, छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयात अभियांत्रिकीला जागा मिळाली आहे. प्रवेशाच्या वेळी २५,००० रुपये भरले. एकूण शुल्क १,०६,००० रुपये असून उरलेली रक्कम नोव्हेंबरअखेर भरा, असे कार्यालयाने सांगितले आहे. खोली आणि मेस मिळून महिन्याला ६,००० रुपये लागतात. वडील एक एकर विकायला, नाहीतर गावातल्याच एकाकडून शेकडा तीन रुपये दराने दोन लाख उचलायला तयार आहेत. शिष्यवृत्ती आपल्यासारख्यांना मिळत नाही आणि मिळाली तरी वेळेवर येत नाही, असे घरात सगळ्यांचे मत आहे. शिवाय कुणापुढे हात पसरणे वडिलांना कमीपणाचे वाटते. सेतू केंद्राजवळ बसणारा एक जण ५,००० रुपयांत शिष्यवृत्ती ‘करून देतो’ म्हणतो. पत्रलेखकाचा प्रश्न असा की, जमीन विकावी, व्याजाने पैसे घ्यावेत, की बहिणीला एक वर्ष थांबवावे?

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही शुल्काच्या पावतीचे छायाचित्र पाठवले हे फार बरे केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पावतीतच आहे. तुम्ही तळाचा आकडा पाहिला आणि धास्तावलात, ते स्वाभाविक आहे. पण त्याच्या वरच्या ओळी एकेक करून वाचा. शिक्षण शुल्क ८८,०००, विकास शुल्क १२,०००, परीक्षा शुल्क २,००० आणि ग्रंथालय व प्रयोगशाळेची अनामत ४,०००. या चार ओळींपैकी कोणती तुमची आणि कोणती सरकारची, हे आधी ठरवले पाहिजे. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. पूर्वी ही सवलत निम्मी होती. तुमची बहीण या अटींत बसते. म्हणजे १,०६,००० पैकी ९०,००० रुपये तुमच्या डोक्यावर नाहीतच; तुमच्या वाट्याला येतात ते विकास शुल्क आणि अनामत मिळून १६,०००, आणि तुम्ही तर २५,००० भरून बसला आहात.

हा हिशेब घरी वडिलांसमोर कागदावर मांडून दाखवा. दोन लाखांची जुळवाजुळव ज्या शुल्कासाठी चालली आहे, ते शुल्क, कागदपत्रे वेळेत दिली तर, भरून झालेले आहे.

कार्यालयातले कारकून म्हणतील की, आधी पूर्ण रक्कम भरा, सरकारकडून पैसे आले की परत देऊ. तिथे वाद घालू नका आणि गप्पही बसू नका. बहिणीच्या सहीने प्राचार्यांच्या नावे एक साधा अर्ज लिहा : प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून आहे, प्रवर्ग एसईबीसी आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज केला आहे, म्हणून वरील शासन निर्णयाप्रमाणे शिक्षण व परीक्षा शुल्क घेऊ नये आणि आधी भरलेली जादा रक्कम पुढे वळती करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पात्र मुलींकडून हे शुल्क आधी वसूल करू नये, अशा सूचना सरकारने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत; तरीही अडवणूक झाली तर तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे, तिथे हीच पोच घेऊन जाता येते. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते आणि ते संकेतस्थळावर पाहायला मिळते. पावतीतले आकडे त्याच्याशी एकदा ताडून पाहा. तोंडी सांगितलेली आणि पावतीवर न येणारी कोणतीही रक्कम देऊ नका.

आता घरातल्या त्या समजुतीकडे वळू, की आपल्यासारख्यांना काही मिळत नाही. मराठवाड्यात हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येते की त्याची शहानिशा करायचे कुणाला सुचतच नाही. त्यात एक भाग खरा आहे : मदत उशिरा येते. एका वर्षाची रक्कम पुढच्या वर्षी हातात पडल्याचा अनुभव पुष्कळांना आहे, आणि तो खोटा ठरवण्यात अर्थ नाही. पण उशिरा मिळणे म्हणजे न मिळणे नव्हे, आणि तुमच्या घरात या दोहोंची गल्लत झाली आहे असे मला वाटते. रक्कम मिळणारच नसेल तर जमीन विकण्याचा विचार समजू शकतो. रक्कम मिळणार आहे पण सहा-आठ महिन्यांनी, असे असेल तर प्रश्न फक्त तेवढे महिने निभावून नेण्याचा उरतो, आणि त्यासाठी एकर घालवावा लागत नाही.

निभावून काय न्यायचे, तेही पाहू. शुल्क बाजूला काढल्यावर खरा खर्च उरतो तो राहण्या-जेवणाचा : महिन्याला ६,०००, म्हणजे दहा महिन्यांचे ६०,००० रुपये. त्यात पुस्तके, ड्रॉइंगचे साहित्य, येणेजाणे आणि कधीतरी घ्यावा लागणारा लॅपटॉप धरा. हा खर्च एकदम येत नाही, महिन्यामहिन्याने येतो. वडील मात्र दोन लाख एकदम उचलायला निघाले आहेत. शेकडा तीन म्हणजे दोन लाखांवर महिन्याला ६,००० रुपये व्याज. बहिणीला शहरात राहायला आणि जेवायला जेवढे लागते, बरोबर तेवढेच दर महिन्याला त्या माणसाच्या घरी जाईल, आणि मुद्दल जिथल्या तिथे राहील. वर्षाला हे ७२,००० होतात. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तुमच्या गावातला दर वर्षाला ३६ टक्के पडतो, आणि त्या माणसाकडे परवाना आहे की नाही हेही तुम्ही लिहिलेले नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा याचसाठी आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. पण तक्रारीची वेळ येऊच नये. हा मार्ग पूर्णपणे सोडून द्या, असे मी तुम्हाला स्पष्ट सांगेन.

जमिनीबद्दल माझे मत इतके टोकाचे नाही. शिक्षणासाठी जमीन विकलेली आणि नंतर सावरलेली कुटुंबे आहेत. तुमच्या बाबतीत मात्र विकण्याचे कारणच चुकीच्या आकड्यावर उभे आहे. अतिवृष्टीनंतर गरजेपोटी विकायला काढलेल्या कोरडवाहू रानाला योग्य भाव येणे कठीण, हे गावात कुणीही सांगेल. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही : ती जमीन वडिलोपार्जित आहे, म्हणजे तीत बहिणीचाही तुमच्याइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना हा हक्क कायद्याने दिला. तिच्या शिक्षणासाठी तिचीच जमीन विकायची असेल, तर निदान तिला विचारून विका. तिचे मत काय आहे, हे पत्रात एका शब्दानेही आलेले नाही.

तुम्ही ओझरत्या उल्लेखात लिहिलेली एक बाब मला सर्वांत मोलाची वाटली, ती म्हणजे वडील गवंडीकामाला जातात. त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का? या मंडळाकडे नोंदलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन अपत्यांना शैक्षणिक साहाय्य मिळते; अभियांत्रिकी पदवीसाठी ते वर्षाला ६०,००० रुपये आहे, वैद्यकीय पदवीसाठी १ लाख आणि इतर पदवी अभ्यासक्रमांसाठी २०,०००. नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला कंत्राटदाराकडून मिळतो किंवा ग्रामसेवकांकडून. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अनेक घरांत कार्ड ट्रंकेत असते, पण नोंदणी जिवंत नसते आणि ऐनवेळी अर्ज परत येतो. जालन्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात वडिलांना घेऊन जा. पेट्या आणि भांडी मिळण्यापुरतेच हे मंडळ ठाऊक असलेली बरीच माणसे तुमच्या गावात असतील. त्यांनाही हे सांगा. बांधकामावर कधी पाऊल न ठेवलेल्यांना बनावट दाखले काढून देणारे लोक आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या वडिलांनी खरोखर थापी हातात धरली आहे, त्यांना खोट्याची गरज नाही.

दुसरी मदत राहण्याच्या खर्चासाठी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. साडेतीन एकर म्हणजे दोन हेक्टरांच्या आतच. तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला मिळेल. खोली खाजगी असेल तर भाडेकरार आणि पावत्या जपा, घरमालकाकडून साध्या चिठ्ठीवर लिहून घेतलेले पुढे उपयोगी पडत नाही. केंद्राकडून तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, ती वर्षाला ५०,००० रुपयांची आणि उत्पन्नमर्यादा ८ लाखांचीच. मात्र एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेण्यावर बंधने असतात, म्हणून दोन्हींचे नियम समोरासमोर ठेवून जिच्यात जास्त लाभ तिचा अर्ज भरा. तुमच्या पावतीकडे पाहता राज्याची शुल्कसवलतच मोठी आहे. आपत्ती किंवा टंचाई जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफ करण्याचा राज्यात प्रघात आहे. विद्यापीठाचे परिपत्रक निघाले का, यावर बहिणीने लक्ष ठेवावे.

आता अर्जाविषयी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पात्र असूनही मुले इथेच अडकतात. महाडीबीटीवरचे खाते बहिणीने स्वतः उघडावे आणि त्यात तिचाच मोबाईल क्रमांक असावा. नेट कॅफेत भरलेल्या अर्जांत कितीदा तरी कॅफेवाल्याचाच क्रमांक टाकलेला असतो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ओटीपी भलत्याच्या फोनवर जातो. बँक खात्याचेही तसेच. निर्वाह भत्त्यासारखी थेट विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. दहावीत शाळेने उघडलेले शून्य शिलकीचे खाते आधारशी जोडलेले असेल आणि ते बंद पडलेले असेल, तर पैसे निघूनही हातात येत नाहीत, आणि घरात पुन्हा तेच वाक्य ऐकू येते, की आम्हाला काही मिळत नाही. कोणते खाते आधारशी जोडले आहे ते बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर आजच पाहून घ्या.

कागदपत्रांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, एसईबीसीचे जात प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे जागावाटपाचे पत्र, शिधापत्रिका आणि बारावीचे गुणपत्रक लागेल. यांत सर्वांत जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती प्रवेशाच्या वेळी चालली असेल, पण मूळ प्रमाणपत्र देण्याची मुदत तिथेच लिहून दिलेली असते. ती चुकली तर प्रवर्गाचा प्रवेश आणि सवलत दोन्ही धोक्यात येतात. २ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटियरविषयीच्या निर्णयानंतर मराठवाड्यात घरोघरी कुणबी नोंदी शोधण्याची धावपळ सुरू आहे. तुमच्याकडेही ती सुरू असेल तर चालू द्या, पण त्यासाठी यंदाचा अर्ज थांबवू नका, आणि ज्या प्रवर्गातून प्रवेश झाला त्याच प्रवर्गातून शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. दाखल केल्यानंतर अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. त्रुटी निघाली तर तो बहिणीच्या खात्यावर परत येतो आणि तिथेच पडून राहतो. घरी फोन येत नाही. आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहायची सवय तिने लावून घ्यावी. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी नव्याने अर्ज नसतो, पण नूतनीकरण असते, आणि ते विसरले की त्या वर्षाचे शुल्क पूर्ण अंगावर येते.

हे सगळे करायला ५,००० रुपये मागणाऱ्या माणसाची गरज नाही. त्याच्या हातात मंजुरी नाही. हातात येईल तो फक्त तुमच्या बहिणीचा पासवर्ड आणि आधार क्रमांक. टंकलेखनाचे आणि स्कॅनिंगचे रीतसर पैसे केंद्राला द्यावेत, त्यापलीकडे एक रुपयाही देऊ नये.

मदत हाती येईपर्यंतच्या महिन्यांसाठी तुमच्याकडे तीन-चार वाटा आहेत. महाविद्यालयाने एखादी किरकोळ रक्कम मागितलीच, तर तिच्यासाठी हप्ते मागा. आई बचत गटात आहे. गटाचे अंतर्गत कर्ज लहान रकमेसाठी आणि थोड्या काळासाठी सावकारापेक्षा कितीतरी सुरक्षित असते, शिवाय तिथे आईचा शब्द चालतो. तुम्ही दरमहा २,५०० ते ३,००० रुपये देऊ शकता असे लिहिले आहे, म्हणजे खोली-मेसचा जवळजवळ निम्मा भार तुम्ही उचलताच आहात. महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजना आहे का, ते बहिणीने विचारावे; मात्र पहिल्या सत्रात गणित आणि ग्राफिक्स जड जात असेल तर दुसऱ्या सत्रापर्यंत थांबावे. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिले, तर मिळालेल्या पैशांपेक्षा नुकसान मोठे होते.

चार वर्षांचा विचार केला तर मला शैक्षणिक कर्ज अधिक पटते, आणि तुमच्या घरात त्याची चर्चाच झालेली नाही याचे आश्चर्य वाटते. कर्ज म्हटले की सगळी कर्जे सारखीच, असे आपण धरून चालतो. सावकाराचे व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू होते आणि पूर्ण रकमेवर लागते. बँक शैक्षणिक कर्जाची रक्कम वर्षावर्षाला, लागेल तशी देते, त्यामुळे व्याज उचललेल्या रकमेवरच लागते, आणि परतफेड अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि ७.५ लाखांपर्यंत जमीन किंवा घर तारण ठेवावे लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ४.५ लाखांच्या आत असेल आणि महाविद्यालयाला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे (या दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मूल्यांकन असेल, तर शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना ठरावीक निवडक संस्थांपुरती आहे. बहिणीचे महाविद्यालय त्या यादीत आहे का ते आधी पाहा, नसेल तर नेहमीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज करा. शाखा व्यवस्थापक ‘तुमचे गाव आमच्या क्षेत्रात येत नाही’ म्हणून परत पाठवतील. शैक्षणिक कर्ज त्या कारणावरून नाकारू नये असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जा. वडिलांचे पीककर्ज तुम्ही नवे-जुने करून घेतले हे इथे कामी येईल, कारण थकबाकीदार सहकर्जदार असला की बँक मागे सरते. मात्र कर्ज दोन लाखांचे घेऊ नका. वरच्या मदती धरून वर्षाला जेवढा खड्डा उरेल तेवढेच घ्या; माझ्या अंदाजाने तो ३०,००० रुपयांच्या आसपास असेल, आणि बांधकाम मंडळाची मदत मिळू लागली तर तेवढाही उरणार नाही.

बहिणीला एक वर्ष थांबवण्याचा पर्याय मात्र विचारातूनही काढून टाका. मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली जात नाही, पुन्हा प्रवेशप्रक्रियेत उतरावे लागते. आणि आपल्याकडे घरी थांबलेल्या मुलीसाठी त्या वर्षात स्थळे येऊ लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वडिलांच्या संकोचाविषयी. हात पसरणे आणि हक्काचे मागणे यांत फरक आहे, आणि तो तुम्ही त्यांना आदराने समजावून सांगू शकाल. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परत येऊन संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले, आणि मराठवाड्यातल्या शेकडो खेड्यांतली पहिली पदवीधर पिढी तिथे शिकली. गावात वार लावून, म्हणजे रोज एकेका घरी पाळीने, जेवत शिकलेली माणसे तुमच्या वडिलांच्या आठवणीत नक्की असतील. त्यांना गावात कुणी कमी लेखले का, असे त्यांना विचारा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी काही गोष्टी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्यावर असेल तर फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. अनुसूचित जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. बीड, धाराशिव, परभणीकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे सुरू झाली आहेत. कोयता घेऊन आईवडील निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आतच तिथे चौकशी करावी. पुण्याला जाणाऱ्या खेड्यातल्या मुलामुलींनी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीचे नाव लक्षात ठेवावे. तिथे अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय होते आणि कमवत शिकण्याची सवयही लागते.

शेवटी तुमच्याविषयी. ‘माझे काय, माझे वय गेले’ असे एक वाक्य तुम्ही पत्राच्या अखेरीस लिहून पुढे गेला आहात. पंचवीस हे वय गेलेले नाही. आयटीआयला प्रवेशासाठी वयाची वरची मर्यादा नाही आणि फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड वाळूजच्या कारखान्यांत आजही मागितला जातो. नोकरी सोडणे परवडत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र जवळच सापडेल आणि अर्धवट राहिलेली पदवी सुट्टीच्या दिवसांत पुरी होईल. सारथी ही राज्य सरकारची संस्था तुमच्या प्रवर्गातील तरुणांसाठी संगणक कौशल्याचा एक अभ्यासक्रम एमकेसीएलच्या संगणक प्रशिक्षण केंद्रांतून मोफत चालवते. कारखान्यात रीतसर अप्रेंटिसशिपची जागा आहे का, हेही मनुष्यबळ विभागात विचारा. कंत्राटदाराच्या हाताखाली राबण्यापेक्षा विद्यावेतन सुरुवातीला कमी वाटेल, पण शेवटी हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र येते आणि पुढच्या नोकरीत त्याची किंमत होते. आयटीआयची प्रवेशप्रक्रिया साधारण जून-जुलैमध्ये असते. बहिणीसाठी तहसीलमध्ये जाल, तेव्हा तुमचाही अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत काढून ठेवा.